बर्थाबाई बेंझ

खोपोली सोडून बोरघाट चढूं लागलें म्हणजे पहिल्या कांहीं वळणांतच रस्त्याच्या कडेला एखादी मोटार बॉनेट उघडून उभी असलेली दिसते. कर्जत व खालापूर तालुक्यांतील मुलांना, विशेषतः उन्हाळ्याच्या सुटींत, हें दृश्य इतकें परिचयाचें असतें कीं, तें पाहून कोणी थबकत नाहीं. मालक घामाघूम होऊन पुन्हां पुन्हां किल्ली फिरवीत असतो, बायकामुलें झाडाची सावली शोधीत असतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण एकेक निदान सांगून पुढें जातो. एकाच्या मतें बॅटरी उतरलेली असते, दुसऱ्याच्या मतें पेट्रोलांत भेसळ असते, तिसरा घाटालाच दोष देतो. मग अर्ध्या तासानें, कोणीं कांहीं एक न करतां, तेंच एंजिन एका फटक्यांत चालूं होतें. मंडळी देवाचे आभार मानून गाडींत बसतात. आणि खंडाळ्याच्या अलीकडे तें पुन्हां मान टाकतें.

यंत्र कायमचें बिघडलें तर त्याची दुरुस्ती त्या मानानें सोपी. मोडलेला भाग सांपडतो, तो बदलला कीं काम भागलें. परंतु मधूनच थांबणारें, थांबल्यावर हट्टानें चालूं न होणारें, आणि गॅरेजांत नेलें कीं गुणी मुलाप्रमाणें सुरळीत फिरणारें एंजिन जाणत्या मिस्त्र्यांचीही परीक्षा पाहतें. अशा एंजिनाचा रुसवा भर रस्त्यावर, जवळ कोणी मिस्त्री नसतां, ओळखून काढणाऱ्यांत सर्वांत पहिलें नांव घ्यावें लागतें तें एका गृहिणीचें. तिचें नांव बर्था बेंझ. त्यांचें चरित्र यंदा आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

जर्मनींतील बाडेन प्रांतांत फोर्त्झहाइम नांवाचें शहर आहे. सोन्याच्या दागिन्यांच्या कारागिरीबद्दल तें प्रसिद्ध आहे. तेथील कार्ल फ्रीडरिख रिंगर या सुतारकाम व घरबांधणी करणाऱ्या सुखवस्तु गृहस्थांच्या घरीं ३ मे १८४९ रोजीं बर्थाचा जन्म झाला. त्या काळीं तिकडील कुटुंबांत मुलांचे जन्म घरच्या बायबलांत नोंदवून ठेवीत. आपल्या जन्माच्या नोंदीपाशीं, पुन्हां मुलगीच झाली अशा अर्थाचा खेदाचा शेरा वडिलांनीं लिहून ठेवला आहे, हें बर्थाच्या पुढें केव्हां तरी वाचनांत आलें, आणि तो शब्द तिच्या मनाला फार लागला असें सांगतात. हा प्रसंग वाचतांना आमच्या कांहीं पालकांना दूरदेश आठवणार नाहीं, जवळचेंच एखादें घर आठवेल. मात्र बापलेकींत पुढें दुरावा राहिला असें दिसत नाहीं. मुलीच्या आयुष्यांतील सर्वांत अवघड वेळीं तिच्या शब्दाला मान देऊन पैसा मोकळा करणारे तेच वडील होते.

ती वेळ लग्नापूर्वींच आली. एका मंडळाच्या सहलींत बर्थाची कार्ल बेंझ नांवाच्या तरुण एंजिनियराशीं ओळख झाली होती. कार्ल यांचे वडील रेल्वेचे एंजिन-ड्रायव्हर होते. कर्जत स्टेशनांत घाट चढण्यासाठीं गाडीला मागून जादा एंजिनें लावतात, तीं चालविणाऱ्यांचीं मुलें आमच्या भागांत पुष्कळ आहेत. त्यांना ही गोष्ट आवडेल. कार्ल दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हां वडील वारले. आईनें मोठ्या कष्टानें त्यांना कार्ल्सरूए येथील तंत्रविद्यालयांत शिकविलें. रुळांची गरज नसलेली, घोड्यावांचून चालणारी गाडी करावयाची, हा एकच ध्यास त्यांना लागला होता. १८७१ सालीं मानहाइम शहरांत त्यांनीं ऑगस्ट रिटर नांवाच्या भागीदाराबरोबर एक लहानसा यंत्रकारखाना काढला. परंतु भागीदार भरंवशाचा निघाला नाहीं आणि कारखाना बुडण्याच्या बेतास आला. तेव्हां बर्थानें लग्नांत मिळावयाची आपली रक्कम वडिलांकडून आधींच मागून घेतली व ती देऊन रिटर यांचा हिस्सा सोडवून घेतला. हुंड्याच्या चालीची आम्ही भलामण करीत नाहीं, आपल्याकडे तर १९६१ च्या कायद्यानें तिला बंदी आहे. परंतु येथें रक्कम कशासाठीं खर्च करावयाची हें वधूनें स्वतः ठरविलें आणि ती गेली लेथ व हत्यारें यांच्या पायीं, इतकें लक्षांत घेण्याजोगें आहे. २० जुलै १८७२ रोजीं दोघांचा विवाह झाला.

त्यानंतरचीं दहा वर्षें ओढगस्तीचीं गेलीं. घरांत एकामागून एक मुलें झालीं, आणि कारखान्यांत पैसा टिकेना. १८७७ च्या सुमारास तर सावकारांच्या तगाद्यानें हत्यारेंही हातचीं जाण्याची पाळी आली. याच काळांत कार्ल वायूवर चालणारें एंजिन जुळवीत होते व तें कांहीं केल्या चालेना. ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, बर्थाबाईंनीं पतीला आग्रह केला कीं, आज आणखी एकदां जाऊन पाहूं. दोघें कारखान्यांत गेलीं. एंजिनाचें चाक फिरविलें, तों तें धडधडूं लागलें आणि न थांबतां चालत राहिलें. दोघें पुष्कळ वेळ उभ्यानें तो आवाज ऐकत राहिलीं. इतक्यांत नव्या वर्षाच्या घंटा शहरांत वाजूं लागल्या. कार्ल यांनीं म्हातारपणीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत ही रात्र मोठ्या जिव्हाळ्यानें वर्णिली आहे. बंद एंजिनाशेजारीं उभें राहून तें कां बंद आहे याचा विचार करण्याची संवय बर्थाबाईंना लागली ती अशा रात्रींमधून लागली असावी, असें आम्हांस वाटतें. पुढें रस्त्यावर त्यांना जें सुचलें तें आयत्या वेळीं सुचलेलें नव्हतें.

१८८३ सालीं नवे भागीदार मिळून बेंझ आणि कंपनी स्थापन झाली. २९ जानेवारी १८८६ रोजीं कार्ल यांनीं तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्याचा क्रमांक ३७४३५. मोटारीचा जन्मदिवस म्हणून जग हीच तारीख मानतें. पेटंटावर नांव एकट्या कार्ल यांचें आहे. गाडीला एकच सिलिंडर होता आणि तिची शक्ति एका घोड्याहूनही कमी, म्हणजे पाऊण अश्वशक्ति होती. त्याच वर्षाच्या जुलैंत ती मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर चालविण्यांत आली. लोकांनीं पाहिली, कांहीं हंसले, कांहींनीं वाखाणली. परंतु विकत कोणी घेईना. अधूनमधून बंद पडणारें हें धूड गांवाबाहेर नेण्याची कोणाला छाती होणार? खुद्द कार्लही अजून सुधारणा राहिल्या आहेत असें म्हणून गाडी शहराच्या आसपासच फिरवीत. त्यांचा स्वभाव फार चोखंदळ होता, आणि चोखंदळ माणसाचें काम पुरें झालें असें त्याला कधींच वाटत नाहीं.

ही कोंडी बर्थाबाईंनीं फोडली. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत, शाळांना सुटी असतांना, एके दिवशीं पहांटे त्यांनीं १५ वर्षांचा ऑयगेन व १३ वर्षांचा रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतलें आणि पतीला न विचारतां गाडी बाहेर काढली. जावयाचें होतें माहेरीं, फोर्त्झहाइमला. अंतर सुमारें १०५ किलोमीटर. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत स्टेशन साधारण १०० किलोमीटर आहे, यावरून कल्पना येईल. तोंवर कोणींही मोटारींतून एवढा लांबचा प्रवास केलेला नव्हता. रस्ते बैलगाड्यांना शोभणारे होते, पेट्रोल पंप ही वस्तु जगांत नव्हती, आणि गाडी बंद पडल्यास मदतीला बोलवावें असा दुसरा जाणकार म्हणजे घरीं निजलेले कार्ल हेच. (कार्ल यांना त्याच महिन्याच्या आरंभीं गाडी चालविण्याचा सरकारी परवाना मिळाला होता, बर्थाबाईंजवळ परवाना नव्हता. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण घरीं सांगूं नये!)

येथें एंजिनाची थोडी ओळख करून देणें आम्हांस अवश्य वाटतें, नाहीं तर पुढील हकिकतींतली गंमत कळणार नाहीं. पेट्रोलचें एंजिन चुलीसारखें आहे. चुलीला लांकूड पाहिजे, वारा पाहिजे आणि काडी पाहिजे. एंजिनाला पेट्रोलची वाफ पाहिजे, हवा पाहिजे आणि नेमक्या क्षणीं पडणारी विजेची ठिणगी पाहिजे. यांखेरीज सिलिंडरांत त्या मिश्रणावर पुरेसा दाब यावा लागतो. यांपैकीं एकही गोष्ट चुकली कीं एंजिन थांबतें. अर्थातच थांबलेल्या एंजिनाजवळ जाऊन विचारावयाचा पहिला प्रश्न हा कीं, यांतलें काय कमी पडलें? बिघाड कोठें आहे हा प्रश्न त्याच्या मागूनचा. बर्थाबाईंनीं दिवसभर हाच क्रम पाळलेला दिसतो.

प्रथम संपलें तें इंधन. हायडेलबर्ग मागें टाकून त्या वीसलोख गांवीं आल्या. गाडींत पेट्रोलऐवजीं लिग्रोइन नांवाचा तेलाचा एक पातळ प्रकार वापरीत. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठीं तो औषधांच्या दुकानांत बाटल्यांतून मिळे. तेथील औषधविक्रेत्याकडे असलेला सांठा बर्थाबाईंनीं घेतला. जगांतला पहिला पेट्रोल पंप म्हणून त्या दुकानाचें नांव आज सांगतात, तें यामुळें. पाणी तर वारंवार लागे. कारण त्या एंजिनाला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता, सिलिंडरभोंवतीचें पाणी उकळून वाफ होऊन जाई व एंजिन थंड राही. विहीर, ओढा, खानावळ, जेथें पाणी दिसेल तेथें थांबून भरावें लागे.

मग एंजिन कुरकुरूं लागलें. त्याचा जोर हळूहळू ओसरला, दोन-चार आचके देऊन तें थांबलें. टांकींत इंधन होतें, पण एंजिनापर्यंत तें पोंचत नव्हतें. बर्थाबाईंनीं ओळखलें कीं, इंधनाच्या बारीक नळींत कचरा अडकला आहे. त्या काळीं स्त्रिया टोपी केसांत घट्ट राहावी म्हणून तिला लांब टांचणी लावीत. ती टांचणी काढून त्यांनीं नळी साफ केली, आणि एंजिन चालूं झालें.

दुसरा रुसवा निराळ्या जातीचा होता. ठिणगीसाठीं बॅटरीकडून वीज आणणाऱ्या तारेवरचें वेष्टण घासून गेलें होतें. उघडी तार गाडीच्या लोखंडाला लागली कीं वीज प्लगापर्यंत न जातां तेथेंच वाट काढी, ठिणगी पडत नसे. गाडी उभी असतांना तार लोखंडापासून किंचित् दूर असली कीं सर्व कांहीं ठीक, खड्ड्यांत चाक आदळलें कीं एंजिन मुकें! मधूनच बंद पडणाऱ्या एंजिनाचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. बर्थाबाईंनीं पायमोज्याचा रबरी पट्टा काढून तो तारेभोंवतीं गुंडाळला व काम भागविलें, असें सांगतात.

चढांवर मात्र अक्कलही अपुरी पडली. गाडीला वेगाच्या दोनच पायऱ्या होत्या, आजच्या भाषेंत दोनच गिअर. तीव्र चढ आला कीं मुलें खालीं उतरून ढकलीत, वेळीं आईही हात लावी. उतारावर दुसरीच भीति. ब्रेक लांकडी ठोकळ्यांचे होते, ते घासून झिजले. तेव्हां बाउश्लोट गांवच्या चांभाराकडून त्यांना चामडें ठोकून घेतलें. ब्रेकला अस्तर लावण्याची युक्ति तेथून निघाली असें म्हणतात. वाटेंत साखळी ताणली गेली ती एका लोहारानें नीट करून दिली. अशा रीतीनें औषधविक्रेता, लोहार, चांभार अशी बलुतेदारांची मदत घेत घेत, तिघें जण संध्याकाळीं अंधार पडतां पडतां फोर्त्झहाइमला पोंचलीं. लगेच मानहाइमला तार करून कार्ल यांस खुशाली कळविण्यांत आली. कांहीं दिवसांनीं त्याच गाडींतून, दुसऱ्या वाटेनें, त्या परत आल्या. परत आल्यावर त्यांनीं काय सांगितलें तर चढासाठीं आणखी एक कमी वेगाचा गिअर हवा. कार्ल यांनीं तो बसविला. आज खोपोलीचा चढ पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरवर चढणाऱ्या प्रत्येक मोटारींत त्या मागणीचा अंश आहे.

वरील दोन बिघाडांत एक फरक आहे, आणि तो आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवला तर घाटांत केव्हां तरी उपयोगी पडेल. इंधन कमी पडलेलें एंजिन बहुधा हळूहळू मरतें; जोर कमी होतो, आचके बसतात, मग तें थांबतें. ठिणगी गेलेलें एंजिन फुंकर मारून दिवा विझावा तसें एकदम थांबतें. म्हणून गाडी थांबतांना काय काय झालें हें चालकानें आठवून ठेवावें. तें थांबल्यानंतरच्या शंभर खटपटींहून मोलाचें असतें.

राहिला प्रश्न असा कीं, थांबलेलें एंजिन अर्ध्या तासानें आपोआप कां चालतें? मधूनच येणाऱ्या दोषाला बहुधा तीनच मित्र असतात: उष्णता, धक्का आणि ओल. घाटांत पहिल्याची चलती. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारें दीड हजार फूट चढ आहे. एंजिन पूर्ण जोरानें राबतें, गाडीचा वेग कमी म्हणून वारा कमी लागतो, आणि बॉनेटखालीं भट्टी पेटते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत अशा वेळीं पेट्रोल नळींतच उकळून त्याचे बुडबुडे होत व पंप नुसती वाफ ओढी. जाणते ड्रायव्हर पंपावर ओलें फडकें ठेवून स्वस्थ बसत, तें अडाणीपणानें नव्हे. ठिणगीची कॉइल तापली कीं तिच्यांतील बारीक तार प्रसरण पावून आंतल्या आंत तुटे, थंड झाली कीं पुन्हां सांधे. दोष शोधूं जावें तर तो गेलेला. हल्लींच्या गाड्यांत कार्बुरेटर नाहीं, परंतु क्रँक फिरत असल्याची खबर संगणकाला देणारा एक लहानसा सेन्सर असतो. तो तापून मुका झाला कीं संगणकाला एंजिन फिरतें आहे हेंच कळत नाहीं, आणि तो ठिणगी व पेट्रोल दोन्ही बंद करितो. थंड झाला कीं बोलूं लागतो. भाग बदलले, शतक बदललें, रुसवा तोच.

म्हणून परीक्षा गाडी बंद असतांनाच करावी. चालूं झाल्यावर साक्षीदार निघून गेलेला असतो. किल्ली स्टार्टरच्या अलीकडच्या ‘ऑन’ खुणेवर फिरवून कान द्यावा. पुष्कळ गाड्यांत मागच्या बाजूनें पेट्रोल पंपाची एक-दोन सेकंद बारीक घरघर ऐकूं येते. ती आली नाहीं तर फ्यूज, रिले किंवा पंप यांकडे संशय जातो. घरघर आहे, स्टार्टर एंजिन फिरवितो आहे, आणि एंजिनाचे फेरे दाखविणारा कांटा तसूभरही हलत नाहीं, असें असेल तर पुष्कळ गाड्यांत वर सांगितलेल्या सेन्सरचा विचार आधीं करावा. स्टार्टरच फिरत नसेल तर गोष्ट वेगळी, तेथें बॅटरी व तिच्या तारा पाहाव्यात. एक परीक्षा तर लहान मुलाला करतां येण्याजोगी आहे. पेट्रोल टांकींत हवा शिरण्याची वाट बुजली तर आंत पोकळी होऊन पेट्रोल येईनासें होतें. झांकण उघडतांच हवा सूं करून आंत शिरली आणि एंजिन चालूं झालें, तर चोर सांपडला. (हें करतांना जवळ विडी-काडी नसावी, हें सांगावयास नको.) डिझेल गाडींत ठिणगी नसतेच, तेथें इंधन आणि हवा यांचाच तपास. आणि जें दिसलें तें टिपून ठेवावें: एंजिन तापलें होतें कीं थंड, पाऊस होता कीं ऊन, टांकी किती भरली होती, थांबलें तें एकदम कीं हळूहळू. असा चार ओळींचा कागद हातांत घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकावर कोणताही प्रामाणिक मिस्त्री प्रसन्न होतो. कागद नसला तर तो बिचारा अंदाजानें एकेक भाग बदलीत बसतो, आणि त्या अंदाजाचे पैसे गिऱ्हाईक भरतें.

घाटांत गाडी थांबली तर आधीं ती शक्य तितकी डावीकडे घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, माणसांना उतरवून रस्त्यापासून दूर उभें करावें, चाकाखालीं दगड द्यावा. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. आंतलें पाणी तोंडावर उसळतें. आणि निघतांना तो दगड रस्त्यांतून काढून टाकावा! बोरघाटांत असे विसरलेले दगड रात्रीं मोटारसायकलींच्या वाटेंत येतात, त्याबद्दल कोणाला कांहीं वाटत नाहीं, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

आतां बर्थाबाईंकडे वळूं. त्यांच्या प्रवासाचा बोभाटा झाला, आणि गाडी गांवाबाहेर जाऊं शकते हें लोकांना कळलें. त्याच वर्षीं म्युनिक येथील प्रदर्शनांत बेंझ यांच्या गाडीला सुवर्णपदक मिळालें. गिऱ्हाइकें सावकाशच आलीं, पण आलीं. १८९४ सालीं निघालेली व्हेलो नांवाची लहान गाडी पुष्कळ खपली, आणि १८९९ सालीं ५७२ गाड्या करून बेंझ कंपनी जगांतील सर्वांत मोठी मोटार बनविणारी कंपनी झाली. सहा घोड्यांची बग्गीही मागें पडावी असा तो काळ होता. पुढें कंपनींतील मतभेदांमुळें कार्ल १९०३ सालीं तिच्या कारभारांतून बाजूस झाले. कुटुंब जवळच्या लाडेनबुर्ग गांवीं राहावयास गेलें व तेथें मुलांनीं वडिलांबरोबर निराळा कारखाना काढला. १९२६ सालीं जुनी बेंझ कंपनी व डाइमलर कंपनी एकत्र झाल्या. मर्सिडीस-बेंझ या गाडीच्या नांवांतील बेंझ तो हाच.

कार्ल यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत, आयुष्याची होडी बुडूं लागली तेव्हां आपल्याजवळ एकच व्यक्ति उरली व ती आपली पत्नी, अशा आशयाची कबुली दिली आहे. पेटंटावर जें नांव नव्हतें तें अशा रीतीनें ग्रंथांत आलें. ४ एप्रिल १९२९ रोजीं कार्ल वारले. त्यानंतर पंधरा वर्षें बर्थाबाई लाडेनबुर्गलाच राहिल्या. २००८ सालापासून मानहाइम ते फोर्त्झहाइम या त्यांच्या वाटेवर त्यांच्या नांवाच्या पाट्या लागल्या आहेत, आणि वीसलोखच्या त्या औषधाच्या दुकानापुढें त्यांचें स्मारक आहे.

३ मे १९४४ रोजीं, दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतां, त्यांना ९५ वर्षें पूर्ण झालीं. त्या दिवशीं कार्ल्सरूएच्या तंत्रविद्यालयानें त्यांना सन्माननीय सेनेटर ही पदवी अर्पण केली. कार्ल याच विद्यालयांत शिकले होते. बर्थाबाईंच्या तरुणपणीं त्याचे दरवाजे मुलींना बंद होते. दोन दिवसांनीं, ५ मे रोजीं, लाडेनबुर्ग येथील राहत्या घरीं त्यांचें देहावसान झालें.